धसईच्या माळावरचा बर्फ

मिलिंद, आपल्या भागाच्या मातीवर आकाशातून पाय ठेवणारा पहिला माणूस म्हणून इतिहास तुझी नोंद घेईल. वाक्य माझं नाही. तुझ्या शोकसभेत पहिल्या वक्त्यानं ते म्हटलं, दुसऱ्यानं थोडं लांबवलं आणि तिसऱ्यानं त्यात सुवर्णाक्षरं घातली. मी शाळेत इतिहास शिकवण्यात नोकरी घालवली, तेव्हा इतिहास कशाकशाची नोंद घेत नाही हे मला चांगलं माहीत आहे. शिवाय तू शहापूरचा, आणि उतरलास मुरबाड तालुक्यात. नोंद कुठल्या तालुक्यानं घ्यायची, हा प्रश्न उरतोच. तू शेजारी असतास तर म्हणाला असतास, "पाय कसला ठेवतोय? आधी चाकं आपटली, मग शेपूट आपटलं, आणि पाय ठेवायला गेलो तो थेट शेणाच्या पोवर."

व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर तुझा हसरा फोटो होता. तुझ्या खांद्यामागून चार इंजिनांचं एक जंगी विमान झेपावत होतं. तुझं विमान दोन माणसांचं, एका इंजिनाचं, आणि उतारावर उभं केलं तर चाकाला दगड लावावा लागायचा. एकानं सांगितलं की तू आकाशाला गवसणी घातलीस. गवसणी म्हणजे तंबोऱ्यावर घालतात ती खोळ. खोळ तू घालायचास खरी, पण विमानाला, आणि तीही उंदरांनी कुरतडलेली. हे तुझ्या कानात सांगायला मी सवयीनं डावीकडे वळलो. डावीकडे पंचायत समितीचे कोणीतरी माजी बसले होते.

तरी एक कबूल करतो. वक्ते वाढवून बोलत होते, पण समोर सतरंजीवर बसलेल्या तुमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत जे होतं ते वाढवलेलं नव्हतं. आपला पोरगा शिष्यवृत्तीवर विमान शिकला, हे त्यांना कोणी माइकवरून सांगायची गरज नव्हती.

आता आपल्या भांडणाकडे येतो. ते मिटलं नव्हतं, आणि ते अर्ध्यावर टाकून तू गेलास ही तुझी लबाडी आहे. ती माळावरची गोष्ट मला आजवर सलग सांगताच आली नाही, कारण दर दोन वाक्यांना तू दुरुस्ती सुचवायचास. आता सांगतो. अडव बघू.

तू तेव्हा घाटावरच्या एका फ्लाइंग क्लबात शिकवत होतास. ते छोटं विमान रंगवायला मुंबईकडे न्यायचं होतं, आणि तू एकटाच होतास. पाऊस सरत आला होता, वर ढग, खाली घामाच्या धारा. माळशेज ओलांडून तू खाली येऊ लागलास. खाली यायचं म्हणून इंजिनाचा जोर कमी केलास. थोड्या वेळानं बघतोस तर इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आपोआप उतरतोय. धूर नाही, धक्का नाही, आवाज नाही. तुझे शब्द असे: "इंजिन बंद नाय पडलं रे. त्याला कंटाळा आला."

कारण तू सांगायचास ते असं. पेट्रोल आणि हवा जिथे एकत्र होतात त्या कार्बोरेटरच्या नळीत पेट्रोलची वाफ होते. वाफ होताना ती उष्णता ओढून घेते, नळी गारठते, आणि हवा ओली असली तर हवेतलं पाणी नळीच्या आत बर्फ होऊन बसतं. गळ्यात कफ दाटावा तसं. इंजिनाला श्वास पुरत नाही. त्यावर उपाय म्हणून एक मूठ असते. ती ओढली की धुराड्याभोवतीची गरम हवा नळीत जाते आणि बर्फ वितळतो. फक्त वितळलेलं पाणी इंजिनात जातं तेव्हा ते आणखी खोकतं, आणि नवशिका घाबरून मूठ परत आत ढकलतो. "आधी बिघडेल, मग सुधारेल. धीर धरायचा," हे तू प्रत्येक विद्यार्थ्याला बजावायचास. माझी दाढ काढायची होती तेव्हा मलाही बजावलंस. त्या दिवशी तू मूठ ओढलीस आणि ओढूनच ठेवलीस. पण उशीर झाला होता. मंदावलेलं इंजिन स्वतःच गार पडत चाललेलं, गरम हवा यायची कुठून?

आणि तू धसईजवळच्या एका माळावर उतरलास. गुरं पांगली. विमान थांबलं, तेव्हा पंख्यापुढे एक म्हातारी उभी होती. तिनं थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि समोर पेंढ्याची पेंडी टाकली. गावकऱ्यांनी दोन खुंट्या ठोकून विमानाला गुरांच्या दाव्यानं बांधलं. कोणीतरी पंख्याला हळदकुंकू लावलं. तुला लागलंय का हे विचारायचं बरंच नंतर सुचलं.

बाजाराकडून पहिला धावत आला तो बबन. तेव्हा धसईच्या बाजारात सायकली भाड्यानं द्यायचा, म्हणजे गावाच्या हिशोबानं यंत्रांतला जाणकार. त्यानं विचारलं, "काय झालं?"

"इंजिनात बर्फ झाला," तू म्हणालास.

बबननं वर ढगाकडे बघितलं, मग स्वतःच्या घामेजल्या सदऱ्याकडे. "चालू करा बरं."

तू चालू केलंस. एका झटक्यात चालू झालं. बर्फ केव्हाच वितळून गेला होता ना! इंजिन असं गुरगुरायला लागलं की म्हातारीनं टाकलेला पेंढा उडून तिच्याच अंगावर गेला. सगळा गाव हसला. पुढे क्लबाच्या माणसांनीही इंजिन तपासून दोष नसल्याचं सांगितलं. इतिहासाचा मास्तर म्हणून मी तुला नेहमी म्हणायचो: मिल्या, जिचा पुरावा तासाभरात वितळतो अशी थाप मारणारा माणूस साधा नसतो.

पण इथवर ठीक होतं. खरी भानगड पुढे होती. ते गाव कुठलं? तर तुझ्या आईकडे ज्या गावातली मुलगी सांगून आली होती, आणि 'रजा नाही' म्हणून तू जे दोनदा टाळलं होतंस, तेच. मुलीचे वडील माळावर आले, त्यांनी तुझं नाव विचारलं आणि विमानाकडे एकवार नजर टाकली. मग म्हणाले, "अवो, यष्टीनं आला असता तरी चाललं असतं."

घरी नेलं. मुलगी चहा घेऊन आली. सुमनवहिनी. तिनं विचारलं, "पडलात कसे?" आणि तू, आयुष्यभर जिच्याबरोबर राहायचं तिला पहिलं वाक्य बोललास: "बर्फ झाला होता."

ती हसायला लागली. कप बशीवर वाजायला लागला इतकी हसली. त्या हसण्यावर तू लग्न केलंस, हे तू मला एकदाच सांगितलंस. त्या हसण्यानं तुझं वाक्य खोटं ठरवलं, ही तक्रार मात्र जन्मभर केलीस.

कारण गोष्ट तोवर तुझ्या हातून गेली होती. 'मुलगी बघायला विमान घेऊन आला' ही बातमी धसईच्या बाजारातून मुरबाडच्या स्टँडवर पोचली आणि तिथून तुझ्या आधी शहापुरात. तिचा मुख्य प्रचारक तोच सायकलवाला बबन, वहिनीचा भाऊ, म्हणजे आता तुझा मेव्हणा. दर लग्नात, दर बारशाला त्याचं एकच: "दाजी, यंदा बर्फ कसा काय?" वहिनीही त्याला सामील. शेजारणीला सांगायच्या, "ह्ये माझ्यासाठी आकाशातून उतरले. वर सांगतात बर्फ. लाजतात." तू चिडायचास. तुला शौर्य नको होतं, प्रेमकथाही नको होती. तुझं म्हणणं एवढंच की बायकोला बोललेलं आपलं पहिलं वाक्य खरं होतं, आणि ते तिनं एकदा मानावं.

मी मानलं नाही, हे ओघानं आलंच. पोस्टासमोरच्या चहाच्या टपरीवरच्या आपल्या बाकड्यानं याची किती भांडणं ऐकली असतील. तू तुझं विमानाचं जाडजूड पुस्तक आणलंस. मी म्हटलं, पुस्तकात काय काय छापतात ते मी जन्मभर पोरांना शिकवलंय. तू मोबाइलवर व्हिडिओ दाखवलास. मी म्हटलं, तो परदेशातला, तिथे माणसंही गोठतात. तू म्हणालास, "अरे, इंजेक्शनच्या आधी नर्स स्पिरिट चोळते, तेव्हा गार लागतं का नाय?"

"लागतं. बर्फ होत नाही."

"जोरात वाफ झाली तर होईल."

"जगात होईल, मिल्या. धसईत नाही."

माझा दुसरा मुद्दा अधिक बळकट होता. तिथेच पलीकडे, मुरबाडच्या रस्त्याला लागून, मोठा सपाट माळ आहे. तो सोडून तू या उंचसखल, गुरांनी भरलेल्या माळावर का उतरलास? यावर तुझं उत्तर एका शब्दाचं असायचं. "वारा." विमानानं वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं असतं, वारा तसा होता, बस्. कार्बोरेटरवर तासभर बोलणारा माणूस वाऱ्यावर मात्र एक शब्द बोलून चहा मागवायचा. माझा संशय तिथेच होता.

एकदा तू मला वर नेलंस. मी डोळे मिटून बसलो होतो. तू ती मूठ ओढून दाखवलीस आणि ओरडलास, "ऐक, आवाज बदलला!" मला माझ्या छातीखेरीज कशाचाच आवाज ऐकू येत नव्हता. मग तू माझा खांदा हलवलास आणि मी खाली बघितलं. भाताची हिरवी चौकटीचौकटींची गोधडी, मधून जाणारा नाशिकचा रस्ता, आणि एका कोपऱ्यात आपलं शहापूर, मुठीत मावेल एवढं. त्यात एकही मान्यवर दिसत नव्हता. तू मला दिलेल्या सगळ्या गोष्टींत ती पंधराएक मिनिटं मी सर्वात वर ठेवतो. तेव्हा आभार मानले नाहीत, कारण उलटी होत होती.

हॉस्पिटलातलं आपलं शेवटचं बोलणंही याच विषयावर झालं. नर्सनं दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस.

"गार लागलं बघ."

"बर्फ झाला का?" मी विचारलं.

तू हसलास, आणि हसताना खोकलास, आणि नर्सनं मला बाहेर काढलं. बाहेर बाकावर बसून मी ठरवत होतो की उद्या आल्यावर तुला काय उत्तर द्यायचं. चांगलं उत्तर सुचलंही होतं. ते आता माझ्याकडेच पडून आहे.

तर शोकसभा. त्रिसरण-पंचशील झालं, तीन वक्ते झाले, आणि सूत्रसंचालक वाकून माझ्या कानात म्हणाला, "सर, मागे जेवणाला उशीर आहे. आणखी दोन मान्यवर घेऊ का?" मिलिंद, मी या वयात इतक्या चपळाईनं कधी उठलो नव्हतो.

विहाराच्या मागे ताडपत्रीखाली बबनचं बिऱ्हाड होतं. सायकली केव्हाच गेल्या. आता तो लग्नाकार्याचं जेवण करतो. दाजींचं जेवण दुसऱ्या कोणी करायचं नाही म्हणून धसईहून शेगड्या-टोपांसकट आला होता. वरणाचा मोठा टोप शेगडीवर, आणि शेगडीत जाळ देवळातल्या निरांजनाएवढा.

"गॅस संपला का रे?"

"संपतोय कुटला? हलवून बघा, निम्मी टाकी हाय. बसलाय तो. सकाळपासून दोन शेगड्या एका टाकीवर ओडतायत, दम खाल्ला यानं."

मी टाकीकडे बघितलं. दिवस तसाच होता, वर ढग, अंगाला चिकट घाम. आणि टाकीच्या खालच्या निम्म्या अंगावर, चुना लावावा तसा, पांढरा थर. मी हात लावला आणि मागे घेतला. नखानं खरवडलं. नखात किस आला.

"बबन, हे काय आहे?"

"बर्फ," तो म्हणाला. कांदा म्हणावा तसं.

"या हवेत?"

"ह्या हवेतच. हवा वली आसली का हमखास. गॅस जोरात भाइर पडला का टाकी गारठते, मंग हवेतलं पानी तिच्यावर बसतं. दर हंगामाला व्हतं, सर. तुमी कवा मागं येत नाय, तुमाला काय दिसनार?"

त्यानं घमेलं ओढलं, चहाच्या पातेल्यातलं गरम पाणी त्यात ओतलं आणि टाकी उचलून त्यात उभी केली. शेगडीतला जाळ फडफडला, पिवळा झाला, एका बाजूला पडला.

"काढ, काढ! विझतोय," मी म्हटलं.

"थांबा वो सर. आधी बिघडंल, मंग सुधरंल. धीर धरायचा."

जाळ एकदा थुंकला, सरळ झाला आणि निळा होऊन टोपाच्या बुडाला जाऊन भिडला.

"बबन, आता तू काय म्हणालास ते परत म्हण."

"काय म्हनलो? आधी बिघडंल, मंग..." त्याच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. त्यानं टाकीकडे बघितलं, घमेल्याकडे बघितलं. "आयला," तो म्हणाला. "दाजी."

बघ मिलिंद. तुझा पुरावा इतकी वर्षं दर मांडवाच्या मागे उभा होता. तुझ्या सर्वात कडव्या विरोधकाच्या हातात होता, तो त्यावर पाणी ओतत होता. आणि तू कुठे होतास? पुढे, खुर्चीवर, शाल-श्रीफळ घेत, विमानाचे प्रमुख पाहुणे म्हणून. एकदा जरी मागे येऊन वरणात किती मीठ घातलंय हे विचारलं असतंस, तर जिंकला असतास.

"सर," बबननं आवाज खाली आणला, "ताईला नका सांगू."

"का?"

"तिला वाटतं दाजी तिच्यासाठी उतरले. बर्फ खरा झाला, तर मंग ते नुसते पडले. आता दाजी पन नायत, तेवढं तरी राहू दे तिला."

मला त्याचं पटलं, आणि तुझंही पटत होतं. एका बाजूला तुझं पहिलं वाक्य, दुसऱ्या बाजूला तिची गोष्ट. तू असा पेचात धरशील हे वाटलं नव्हतं. घमेल्यातल्या पाण्यात बर्फ कडेनं सुटायला लागला होता. आणखी थोडा वेळ गप्प राहिलो असतो तर तुझा पुरावा दुसऱ्यांदा वितळून गेला असता, आणि कोणाला काही ठरवावं लागलं नसतं.

तेवढ्यात वहिनीच मागे आल्या. पांढरी साडी, चष्मा कपाळावर. "किती बोलतात गो बाई ती मानसं. ह्यांच्याबद्दल बोलतात का दुसऱ्या कुनाबद्दल, मला काय कळंना. तुमी दोघं काय टाकीला नमस्कार करताय?"

बबन टोपात बघायला लागला. मी म्हटलं, "वहिनी, इथे हात लावा."

त्यांनी लावला. पाण्याच्या वर जो पांढरा पट्टा उरला होता त्यावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. मग चष्मा खाली घेऊन नीट बघितलं.

"बर्फ हाय," त्या म्हणाल्या.

"हो."

"ह्या हवेत."

"हो. मिलिंद सांगायचा तसाच. इंजिनात असाच."

आतून माइकवर चौथे मान्यवर तुला गरुडाची उपमा देत होते. बबन म्हणाला, "ताई, आमी उगाच हसलो गो त्यांना."

"मी पन हसले," वहिनी म्हणाल्या. "पैली मीच हसले. खरं बोलले व्हते बिचारे." मग माझ्याकडे वळल्या. "पन भावजी, बर्फ झाला तो इंजिनात. माळ काय बर्फानं दाखवला? रस्त्याकडंला येवडा मोठा माळ सोडला, तो का म्हनून?"

"तो म्हणायचा, वारा तसा होता."

"वारा!" त्यांनी हात टाकीवरून काढला. "मी त्या दिवशी बांधावर व्हते. ईमान यायच्या आधीपासनं. भाताचं पान हलत नव्हतं. तुमाला येवडी वर्सं वाटलं, बर्फाचं खोटं सांगतात. मला ठावं व्हतं, वाऱ्याचं सांगतात."

आणि त्या हसल्या, मिलिंद. हातात कपबशी नव्हती, म्हणून वाजलं नाही एवढंच. मग डोळे पुसले, ओला तळवा पदराला पुसला आणि म्हणाल्या, "चला, पानं मांडा. लोकं भुकेली हायेत."

जेवायला बसल्यावर वक्त्यांनी तुझ्याबद्दल आणखी थोडं सांगितलं. आम्ही तिघं टाकीकडे बघत उभे राहिल्यामुळे वरण खाली लागलं होतं.